कोठडीचे वाङ्मय, कोपीचे मौन

दौंड जंक्शनवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग आणि शिरूरला घोडनदी ओलांडून जाणारा पुण्याचा रस्ता, हे दोन्ही ज्या शहरी पोहोचतात त्या अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. बंदिवासाच्या वाङ्मयाचा विचार करणाऱ्याला हे शहर टाळता येत नाही. त्या शहराच्या वाटेवर मात्र, शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात, दुसऱ्या तऱ्हेचा एक बंदिवास घडून गेला आणि त्याचे वाङ्मय झाले नाही. असे का व्हावे, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून निघालेली खास आगगाडी काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना घेऊन दौंडच्या वाटेने नगरला गेली. किल्ल्यात बारा जण ठेवले गेले. पंडित नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे याच किल्ल्यातली. दोन्ही ग्रंथ थोर आहेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्यांच्यामागे दुःखही होते. आझादांच्या पत्नी १९४३ मध्ये कलकत्त्यास वारल्या, तेव्हा ते या भिंतींआड होते. तरीही समीक्षकाने एक साधी गोष्ट नोंदवली पाहिजे. बारा माणसांना बारा माणसांना पुरेल इतकी जागा होती. नेहरू बागकाम करीत, आझाद पहाटे उठून आपल्या हाताने चहा करीत आणि खोलीत शिरलेल्या चिमण्यांवर लिहीत. एकांत लादलेला होता, पण तो एकांत होता. लेखणीला एवढे पुरते.

दुसरी परंपरा परकीय नजरकैद्यांची आहे. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत जर्मन व्यापारी, खलाशी आणि मिशनरी तारांच्या कुंपणात कोंडले गेले. त्यांचा गुन्हा म्हणजे त्यांचे राष्ट्रीयत्व. त्यांत मुंबई-पुणे मिशनचे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूही होते. पुढे १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' बोटीच्या दोन फेऱ्यांतून असंख्य जर्मनांना मायदेशी पाठविण्यात आले. आपल्या घरांतून या फादरांच्या आठवणी अजून प्रेमाने निघतात. पण त्या धर्मग्रामे पोरकी झाल्याच्या आठवणी असतात. एका बराकीत किती माणसे झोपत, हे आपल्या आठवणींनी कधी विचारले नाही. दुसऱ्या महायुद्धात नगरलाच काही काळ ठेवलेल्या हाइनरिख हॅररने पुढे तिबेटवर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्याच्या दृष्टीने छावणी ही निसटून जाण्याची जागा, खरी कथा हिमालयात सुरू होते.

म्हणजे आपल्यासमोर बंदिवासाचे दोन नमुने आहेत: चिंतन करणारा बंदी आणि पळून जाणारा बंदी. दोघेही एकटे. गर्दीत कोंडलेला माणूस या नमुन्यांत बसत नाही, कारण गर्दी त्याच्याकडून पहिली गोष्ट जी हिरावते ती हा एकटेपणाच.

आता उसाच्या फडाकडे वळू. बीड, जालना, पाथर्डीकडची माणसे दिवाळीच्या सुमारास दौंड-शिरूरच्या कारखान्यांवर येतात. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा ही नावे त्यांच्या मुलांना शाळेच्या नावाआधी पाठ होत. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक 'कोयता' गणलेले. (दोन माणसांना एका हत्याराचे नाव देणारी ही भाषा कोणा कवीने घडवली नाही, ती हिशेबाच्या वहीत जन्मली.) बांबू, चटया आणि पाचटाची कोपी; वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. न्हाणीघर नाही, म्हणून बायका उजाडण्यापूर्वी आंघोळ उरकतात. ही कोपी म्हणजे कैदखाना, असे आम्ही म्हणणार नाही. उचल फिटेपर्यंत निघता येत नसले, तरी दाराला कुलूप नसते. शब्द सैल वापरले की खऱ्या कैदेला शब्द उरत नाही.

पण मार्च २०२० च्या अखेरीस कुलूप लागले. टाळेबंदी झाली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि हंगाम संपत आलेला असताना ऊसतोड कामगारांनी आहे तेथेच थांबावे, कारखान्यांनी त्यांच्या राहण्याखाण्याची सोय करावी, असे शासनाने सांगितले. परत जाण्याची मुभा १७ एप्रिलला मिळाली. एकमेकांपासून अंतर राखा, हात वारंवार धुवा, असे साऱ्या देशाला बजावले जात असताना ही माणसे एकमेकांना खेटून बांधलेल्या कोप्यांत होती. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत भाड्याच्या एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची स्थिती याहून फार वेगळी असणे शक्य नव्हते. ज्यांनी चालत निघण्याचे धाडस केले त्यांच्यापैकी सोळा जण ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले. वृत्तपत्रांनी रुळांवरच्या भाकरी दाखविल्या. ते छायाचित्र आपण विसरलो नाही. कोपीचे छायाचित्र मात्र कोणाला आठवत नाही.

मराठीत गर्दी लिहिणारे कोणी झालेच नाहीत असे नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही दोन्ही पुस्तके ज्या जमातींतून आली त्या भटक्या-विमुक्तांचा इतिहास कुंपणाचाच आहे. जन्माने गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तोवर सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारांच्या आत राहत व हजेरी देत. या आत्मकथनांतील वाक्ये दाटीने येतात. एका प्रसंगात दुसरा घुसतो, 'मी' सुटून वारंवार 'आम्ही' होतो. त्या काळी काही टीकाकारांना हा रचनेचा दोष वाटला. आम्हाला तो या लेखनाचा सर्वांत खरा गुण वाटतो. ज्या पालात सात जण झोपतात त्याचे वर्णन ऐसपैस परिच्छेदांत केले तर ते खोटे होईल.

शब्दांच्या खोटेपणाचा ताजा दाखला आसामात आहे. परदेशी ठरविलेल्यांना तेथे २००९ पासून तुरुंगांतच कोंडले जाई. त्या जागांना डिटेन्शन सेंटर म्हणत. २०२१ मध्ये शासनाने नाव बदलून 'ट्रान्झिट कॅम्प' केले, आणि २०२३ पासून गोलपाडा जिल्ह्यात मातिया येथे तीन हजार माणसांसाठी बांधलेली जागा वापरात आली. ट्रान्झिट म्हणजे वाटेतला मुक्काम. ज्याला कोणताही देश आपला म्हणत नाही, त्याची वाट कोणती? जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठापुढे मातियाचा अहवाल आला तेव्हा त्यात होते ते एवढेच: पाणी पुरेसे नाही, शौचालये नीट नाहीत, स्वच्छतेची व्यवस्था नाही. गद्य म्हणून हा अहवाल रुक्ष असेल. पण नव्या नावाने जे झाकले होते ते त्याने उघडे केले, आणि वाङ्मयाकडून आम्ही याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

२०२० च्या त्या आठवड्यांविषयी आपल्याकडे ठळक उरले आहे ते शासनाचे निवेदन: ३८ कारखाने, सुमारे १ लाख ३१ हजार कामगार. 'निवारा' हा गोड शब्द त्या दिवसांत सर्वत्र होता. तो कसला होता हे आतून सांगणारे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा त्या कोप्यांत बारा-चौदा वर्षांची असलेली मुले आता वसतिगृहांतून, महाविद्यालयांतून दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणाची वही या किंवा अन्य त्रैमासिकाच्या टेबलावर आली, तर संपादकांना आमची विनंती आहे: तिचे परिच्छेद मोकळे करू नयेत, 'कोयता' हा शब्द अवतरणचिन्हांत घालू नये, आणि पाण्याच्या एका टँकरवर किती हंडे लागत, हा तपशील जागेअभावी गाळू नये.