वापरकर्त्यांचे गट आणि इशाऱ्यांच्या मर्यादा : शिर्डीच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात वापर-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील वापरकर्त्यांचे गट व स्वयंचलित इशारे यांची चिकित्सा केली आहे. शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान दर्शन, आरती व निवासाची नोंदणी ऑनलाइन स्वीकारते. अशा सेवेत नवे, नियमित, नोंदणी अर्धवट सोडणारे असे गट पाडता येतात. एखाद्या गटाची संख्या ठरावीक मर्यादेबाहेर गेली की इशारा मिळतो. मात्र ही तुलना सामान्यतः इंग्रजी तारखेशी होते. गुरुपौर्णिमा २०२३ मध्ये ३ जुलैला, तर २०२४ मध्ये २१ जुलैला होती. मागील वर्षाची तीच तारीख आधार मानल्यास ३ जुलै २०२४ रोजी घट झाल्याचा फसवा इशारा मिळेल आणि २१ जुलैची वाढ अनपेक्षित भासेल. अशा ठिकाणी तुलना तिथीनुसारच करावयास हवी.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पालखीसोबत पायी येऊन थेट रांगेत उभा राहणारा भाविक यांपैकी कोणत्याच गटात येत नाही. अर्धवट सोडलेली नोंदणी निदान दिसते. सुरूच न झालेली दिसत नाही, म्हणून तिचा इशाराही मिळत नाही. केवळ या आकड्यांवरून सुविधा ठरविणे त्या भाविकावर अन्याय करणारे ठरेल. त्यांना रांगेतील प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड असणे आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.