इशाऱ्यांचा गोंगाट

ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावाच्या कडेला २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसले. वाघ दिसला की गावकऱ्यांना इशारा मिळावा, ही योजना. समजा, असे यंत्र प्रत्येक रोह्याला आणि चुकार गायीलाही वाघ म्हणू लागले, तर चौथ्या रात्री कोण दखल घेईल?

संगणकाच्या आज्ञावली तपासणाऱ्या साधनांवर माझा आक्षेप हाच आहे. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी लिहिलेले १९७८ चे ‘लिंट’ हा त्यांचा मूळपुरुष. सी भाषेत ‘क ५ आहे का?’ असे विचारताना दोनऐवजी एकच बरोबरचिन्ह पडले, तर क ची किंमतच ५ होऊन बसते. ही चूक दाखवणारा इशारा लाखमोलाचा. पण आजची कित्येक साधने ओळ लांबली, जागा कमी सुटली, हेही त्याच पट्टीत ओरडून सांगतात! जुन्या आज्ञावलीवर तर इशारे शेकड्यांनी निघतात. ते नोंदवून बाजूला ठेवावेत, फुरसतीने पाहावेत; नव्या ओळीवर मात्र एकही खपवून घेऊ नये.

न समजता इशारा गप्प करणे त्याहून वाईट. २००६ साली डेबियन प्रणालीत तपासनिसाची कुरकुर थांबावी म्हणून ओपनएसएसएलमधला मजकूर वगळला गेला. यादृच्छिक संख्यांची अनिश्चितता त्यातूनच येत होती. मे २००८ मध्ये बिंग फुटले, तोवर एकेका प्रकारच्या गुप्त किल्ल्या जेमतेम ३२ हजार शक्यतांतून घडत होत्या. साध्या संगणकालाही त्या सगळ्या तपासून पाहता येतात.