निदानाची भाषा आणि वर्णभेद : 'द प्रोटेस्ट सायकोसिस'

आरोपीची मानसिक तपासणी हा न्यायप्रक्रियेतील तटस्थ टप्पा मानला जातो. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांचा 'द प्रोटेस्ट सायकोसिस' (२०१०) हा ग्रंथ या गृहीतकालाच आव्हान देतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील आयोनिया येथील, मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीच्या रुग्णालयाच्या नोंदी हा त्याचा आधार आहे. तेथे पूर्वी छिन्नमनस्कतेचे निदान गोऱ्या रुग्णांच्या बाबतीतही सर्रास होत असे. १९६०च्या दशकापासून ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय पुरुषांना चिकटले. १९६८च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने या विकाराच्या संशयग्रस्त प्रकाराचे वर्णन करताना शत्रुत्व व आक्रमकता यांचा उल्लेख केला. नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या काळात संतापही लक्षण ठरला, असे मेट्झल यांचे प्रतिपादन आहे.

एकाच रुग्णालयाच्या नोंदींवरून शब्दबदल व निदानबदल यांतील कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध होत नाही, ही ग्रंथाची मर्यादा होय. तथापि पक्षपात निकषांतच दडलेला असू शकतो, हा त्याचा गाभा टेक्सासमधील ड्वेन बक खटल्यातही प्रत्ययास येतो. १९९७ साली बचावपक्षानेच बोलावलेल्या मानसशास्त्रज्ञाने, एकूण मत आरोपीला अनुकूल देऊनही, कृष्णवर्णीय असणे हा भावी धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदविला. बक यांना देहदंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पूर्वग्रहाला द्वेषाची गरज नसते. आकडेवारीचा आधार पुरतो. म्हणून तज्ज्ञाचा प्रामाणिकपणा तपासून भागत नाही. त्याच्या हातातील मोजपट्टीही तपासावी लागते.