‘माइंड’ हे नाम आणि राइल यांची तक्रार

मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. आज त्याच्यावर सर्वांत गाजलेला हल्ला करणारं पुस्तक घेऊ. गिल्बर्ट राइल यांचं ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’, साल १९४९. पण पुस्तकात शिरण्याआधी एका साध्या इंग्रजी नामाची हजेरी घ्यावी लागेल. ते नाम म्हणजे ‘माइंड’.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता स्मरण. ‘कीप इन माइंड’ म्हणताना, ‘रिमाइंड’ म्हणताना तो आजही जागा होतो. पुढे त्याला किती पारंब्या फुटल्या बघा. ‘मेक अप युवर माइंड’मध्ये माइंड म्हणजे निश्चय. ‘स्पीक युवर माइंड’मध्ये मत. ‘प्रेझेन्स ऑफ माइंड’ म्हणजे आपलं प्रसंगावधान. ‘लूज युवर माइंड’ म्हणजे वेड लागणं. आणि ‘अ ग्रेट माइंड’ म्हटलं की अख्खा माणूसच माइंड होऊन बसतो!

राइल यांची तक्रार अशी, की इतक्या निरनिराळ्या कामांना एकच नाम लावलं की आपण त्या नामामागे एक वस्तू शोधू लागतो. माझं ‘माइंड’ बदललं म्हटल्यावर ‘मग जुनं कुठे टाकलंत?’ असं कुणी विचारत नाही. तत्त्वज्ञ मात्र नेमकं तेच विचारत बसतात. त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. पाहुण्याला ऑक्सफर्डची कॉलेजं, ग्रंथालयं, मैदानं, कचेऱ्या सगळं दाखवलं, आणि शेवटी तो म्हणतो, ‘हे ठीक, पण विद्यापीठ कुठंय?’ ही कोटीची चूक. शरीराच्या शेजारी माइंड नावाची दुसरी अदृश्य वस्तू मानणं ही तशीच चूक, म्हणजे यंत्रात भूत बसवणं. माइंडबद्दल बोलणं म्हणजे माणूस काय करू शकतो, काय करू पाहतो, कसं वागतो याबद्दल बोलणं, इतकंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राइल सगळं खापर व्याकरणावर फोडत नाहीत. गॅलिलिओच्या यंत्रविज्ञानाने देकार्तला पेचात टाकलं होतं, हे ते पहिल्याच प्रकरणात मांडतात. तरीही त्यांचा पुरावा येतो तो इंग्रजी बोलण्यातून. आणि इथे आमची पहिली हरकत आहे.

या पुस्तकाच्या जर्मन भाषांतराच्या नावात ‘गाइस्ट’ हा शब्द आला. त्याचा एक अर्थ भूत! आपल्याकडे आपण ‘माइंड’ला सरसकट ‘मन’ म्हणतो. पण ‘ग्रेट माइंड’ म्हणजे प्रज्ञावंत, आणि ‘मोठ्या मनाचा’ म्हणजे उदार. आपलं मन दुखावतं, मोडतं, खातं, उडतं, रमतं. इंग्रजीत यातलं बरंचसं काम ‘हार्ट’कडे आहे. म्हणूनच तर आपण ‘मन नका करू’ म्हणत नाही, ‘माइंड नका करू’ म्हणतो. जिथे मन पुरलं नाही तिथे आपण तो शब्दच उसना आणला.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. सांख्यांकडे मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृतीचीच अपत्यं, म्हणजे जड. चैतन्य पुरुषाचं. तिथे मन हे यंत्रातलं भूत नव्हेच, ते यंत्राचाच भाग आहे. नैयायिकांनी मन मानलं ते नाम दिसलं म्हणून नव्हे. डोळे, कान सगळे उघडे असूनही एकाच क्षणी अनेक ज्ञानं होत नाहीत, हे का, याचं उत्तर म्हणून त्यांनी अणुरूप मन अनुमानाने सिद्ध करू पाहिलं. ‘माझं मन दुसरीकडे होतं, ऐकूच आलं नाही’ असं आपण रोज म्हणतो, आणि हा अनुभव बृहदारण्यकातही आलेला आहे. नैयायिकांचं उत्तर चुकीचं असेल, पण ते युक्तिवादाने खोडावं लागेल. ‘तुम्ही भाषेला भुललात’ एवढं म्हणून भागणार नाही.

तिसरी हरकत राइल यांना स्वतःलाच जाणवली असावी. गप्प बसून विचार करणाऱ्या माणसाचं काय? रोदँचा तो पुतळा नेमकं काय करतोय, या प्रश्नाकडे ते १९६० नंतरच्या लेखांत पुन्हा पुन्हा वळतात.

मग हे पुस्तक बाजूला ठेवायचं का? नाही. का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही हेच शिकवत होतो. एक मुलगा म्हणाला, ‘सर, हल्ली मनच लागत नाही.’ आम्ही ऐटीत म्हणालो, ‘मन नावाची वस्तूच नाही, मग लागत नाही ते काय?’ वर्ग हसला. तो हसला नाही. पुढे कित्येक दिवस वर्गात आला नाही.

त्या दिवशी आम्हाला वाटलं, आपण राइल शिकवला. खरं तर नेमका तोच विसरलो. राइल म्हणाले असते, त्याच्याकडे बघा. वही उघडत नाही, डबा तसाच परत नेतो, मित्रांत बसत नाही. ‘मन लागत नाही’ याचा अर्थ त्याच्या कवटीत शोधायचा नव्हता, तो आमच्यासमोर पहिल्या बाकावर बसला होता. आणि तरीही, हे सगळं पाहिल्यावर त्याला आतून काय होत होतं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी त्याला विचारावं लागलं असतं. आम्ही विचारलं नाही.

तेव्हा राइल वाचा, पण त्यांचं वाक्य कुणाच्या तोंडावर फेकण्यासाठी वाचू नका. नामामागे वस्तू नसेल, पण ते नाम उच्चारणारा माणूस असतो. इथे थांबू. पुढच्या वेळी याच मुद्द्यावरून विट्गेनश्टाइनकडे जाऊ.