विद्यापीठाच्या हिशोबात संशोधन कुठे सापडतं? लेखाशीर्षांची उलटतपासणी

तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल आणि विषय शोधत असाल, तर एक प्रश्न सुचवते. आपल्या विद्यापीठाला एक संशोधक विद्यार्थी वर्षाला कितीला पडतो? ऐकायला सोपं वाटतं. विद्यापीठांचे अर्थसंकल्प छापले जातात, अधिसभेपुढे येतात, लेखापरीक्षित हिशोबही असतात. म्हणजे आकडे आहेत. तरीही उत्तर निघत नाही, कारण आकडे ज्या खणांत टाकले आहेत ते खण या प्रश्नासाठी बनवलेलेच नाहीत. खण म्हणजे लेखाशीर्षं, आणि अशा सगळ्या खणांची क्रमांकांसह केलेली यादी म्हणजे चार्ट ऑफ अकाउंट्स.

‘तू सायन्सची, तुला कीर्द-खतावणीचं काय पडलंय?’ असं मला विचारलं जातं. पण व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप माहीत नसताना कुणी मोजमाप लिहून देत नाही. लेखाशीर्षांची यादी हे पैशाचं मोजमाप करणारं उपकरण आहे. त्याचं लघुतम माप काय, ते कुठे आंधळं आहे, हे न बघता त्यातून आलेले आकडे प्रबंधात टाकणारे बरेच दिसतात. म्हणून हा खटाटोप.

आधी एक साधी गोष्ट. आमच्या ईटकडे, म्हणजे भूम तालुक्यात, खव्याच्या भट्ट्या आहेत. समजा एका भट्टीवाल्याची वही आहे आणि तीत चार रकाने आहेत: दूध, जळण, मजुरी, टेम्पोभाडं. महिन्याच्या शेवटी कशावर किती गेले ते तो लगेच सांगेल. आता त्याला विचारा, गायीच्या दुधाचा खवा परवडतो की म्हशीच्या? इथे वही गप्प बसते, कारण दोन्हींचं जळण एकाच रकान्यात आहे. त्याला नवी वही नको. प्रत्येक नोंदीपुढे एकच जादा खूण हवी, की हे जळण कुठल्या कढईखाली गेलं. पैसा ‘कशावर’ गेला ही एक बाजू, ‘कशासाठी’ गेला ही दुसरी. चांगल्या लेखाशीर्ष-रचनेत या दोन बाजू वेगळ्या ठेवलेल्या असतात. आपल्या विद्यापीठांच्या हिशोबात बहुतेक पहिलीच असते, आणि मध्येमध्ये दुसरी तिच्यात कालवलेली.

टीका करायची तर समोर एक ठोस कागद हवा. मी घेतला आहे तो केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांसाठी मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ठरवून दिलेला, २०१४-१५ पासूनचा वित्तीय विवरणपत्रांचा नमुना. राज्य विद्यापीठांना तो थेट लागू नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ आणि लेखा संहिता चालते. तरी हाच निवडला, कारण सगळ्या केंद्रीय विद्यापीठांचे वार्षिक हिशोब याच साच्यात मिळतात. तुम्ही तुलना करायला बसाल तेव्हा पहिला हाच हातात येईल.

या नमुन्यात २४ अनुसूची आहेत. पहिल्या आठ ताळेबंदाच्या, नऊ ते चौदा उत्पन्नाच्या, पंधरा ते बावीस खर्चाच्या, शेवटच्या दोन धोरणं आणि टिपांच्या. यातलं उत्तम काम आधी सांगते, कारण ते तुमच्याशी थेट संबंधित आहे. अनुसूची ३ म्हणजे चालू देणी. तिला तीन पोटभाग जोडले आहेत: ३(अ) प्रायोजित प्रकल्प, ३(ब) प्रायोजित फेलोशिप आणि शिष्यवृत्त्या, ३(क) न वापरलेली अनुदानं. म्हणजे संस्थेमार्फत येणारी तुमची फेलोशिप आणि तुमच्या गाइडच्या प्रकल्पाचा पैसा हे विद्यापीठाचं उत्पन्न नव्हे. विद्यापीठ फक्त सांभाळणारं आहे. पैसा खर्च होईपर्यंत तो त्याच्या डोक्यावरचं देणं आहे. प्रत्येक प्रायोजकासाठी आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक अशी ओळ येते. ही ओळ वाचायला शिका. अखेरची शिल्लक खर्च-बाजूला गेलेली दिसली, तर त्या प्रकल्पात विद्यापीठाने पदरचे पैसे घालून पुढच्या हप्त्याची वाट पाहिली आहे असं समजायचं. शिल्लक वर्षानुवर्षं जशीच्या तशी असेल, तर प्रकल्प संपला पण हिशोब मिटला नाही. अशा पैशावरच्या व्याजाचंही तेच. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २३०(८) सांगतो की अनुदानावर मिळालेलं व्याज भारताच्या एकत्रित निधीत परत भरायचं. व्याज वेगळ्या शीर्षात दिसत नसेल तर ते भरलं की नाही हे कळणार कसं?

आता खर्चाची बाजू. इथे माझं या नमुन्याशी भांडण आहे.

अनुसूची १६ ‘शैक्षणिक खर्च’. तिच्यात प्रयोगशाळा खर्च, क्षेत्रकार्य आणि परिषदा, पाहुणे प्राध्यापक, परीक्षा, प्रवेश, पदवीदान समारंभ, प्रकाशनं, विद्यावेतन असं सगळं एका रांगेत बसलं आहे. पदवीदानाचा मांडव आणि सिलिका जेलचा डबा शेजारी-शेजारी. संशोधन असा शब्द शीर्ष म्हणून कुठेच नाही. अनुसूची १७ ‘प्रशासकीय आणि सामान्य खर्च’. वीज इथे आहे. रात्रंदिवस उणे ८० अंशांवर चालणारा फ्रीजर आणि कुलसचिवांच्या दालनातला एसी, दोघांचं बिल प्रशासकीय. मग एखादा अभ्यास येतो, ‘विद्यापीठांचा प्रशासकीय खर्च फुगला आहे’ असं सांगतो, आणि त्यात आपली प्रयोगशाळाच प्रशासन म्हणून मोजली गेलेली असते. अनुसूची १९ दुरुस्ती-देखभाल: तिथे शास्त्रीय उपकरणं आहेत, बागकामही आहे. निदान तिथे उपकरणांना स्वतंत्र ओळ तरी आहे.

पण सगळ्यात मजेशीर प्रकार नियतकालिकांचा. तुमच्या विद्यापीठाने जर्नल्सवर किती खर्च केला, हे या साच्यातून काढून बघा. छापील शास्त्रीय जर्नल्स ग्रंथालयाच्या पुस्तकांबरोबर स्थावर-जंगम मालमत्तेत, अनुसूची ४ मध्ये, वर्षाला १० टक्के घसारा. ई-जर्नल्स त्याच अनुसूचीत पण अमूर्त मालमत्ता म्हणून, ४० टक्के. वर्गणीचा खर्च अनुसूची १६ मध्ये. ‘मासिके व नियतकालिके’ अनुसूची १७ मध्ये. एकच गोष्ट, चार घरं. ४० टक्के दराने ई-जर्नलचं आयुष्य अडीच वर्षं धरलं जातं, प्रत्यक्षात वर्गणी थांबली की बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पान उघडत नाही. ज्याच्यावर आपली मालकी नाही त्याला मालमत्ता म्हणणं मला तरी पटत नाही. आणि ८ टक्के दर लावलेलं शास्त्रीय उपकरण साडेबारा वर्षं कागदावर जिवंत राहतं, सुटे भाग मिळायचे बंद झाले तरीही.

हा नमुना करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. त्यांना देशभरच्या संस्थांचे ताळेबंद एका मापात आणायचे होते, लेखापरीक्षकाला तपासता यावेत असे. ते काम झालं आहे. चूक झाली ती पुढे: विवरणपत्राच्या या साच्यालाच अनेकांनी आतल्या खतावणीची रचना मानलं. विवरणपत्र ही शेवटी काढायची छापील प्रत आहे. आतली रचना तिच्याहून बारीक असायला हवी, म्हणजे हवी ती प्रत काढता येते.

बाहेरून येणाऱ्या पैशाकडे बघा. राज्याच्या अर्थसंकल्पात विद्यापीठांना मदत २२०२-०३-१०२ या शीर्षाखाली येते: २२०२ सर्वसाधारण शिक्षण, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण, १०२ विद्यापीठांना सहाय्य. प्रधान शीर्षापासून उद्दिष्ट शीर्षापर्यंत सहा पायऱ्या, पंधरा अंक. इतकी काटेकोर साखळी विद्यापीठाच्या फाटकाशी येऊन सहायक अनुदान या उद्दिष्टावर संपते. सरकारच्या लेखी पैसा तिथेच खर्च झाला. पुढे आत काय झालं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या शीर्षांवर अवलंबून.

आणि हे जमत नाही असंही नाही. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेत रचना अशी दिली आहे: निधी कोणता, कार्य कोणतं, जबाबदार विभाग कोणता, ठिकाण कोणतं, आणि मग लेखाशीर्ष, ज्याचा पहिला अंक १ असेल तर उत्पन्न, २ खर्च, ३ देणी, ४ मालमत्ता. म्हणजे नगरपालिकेच्या दिव्याच्या बिलाला ते कुठल्या कामाचं आणि कुठल्या प्रभागाचं हे सांगता यावं, अशी सोय कागदावर तरी वीस वर्षांपासून आहे. प्रत्यक्षात किती पाळतात हा वेगळा विषय. पण रस्ते-गटारांच्या हिशोबाला जे सुचलं ते ज्ञानसंस्थेला का सुचू नये? अमेरिकेत २०१६ च्या लेखामानकाने खासगी ना-नफा संस्थांना, त्यात विद्यापीठंही आली, खर्च ‘कशावर’ आणि ‘कशासाठी’ अशा दोन्ही बाजूंनी दाखवायला लावलं. ब्रिटनच्या विद्यापीठांत ‘ट्रॅक’ पद्धतीखाली शिक्षकांचा वेळ अध्यापन, संशोधन आणि इतर कामांत वाटून पगाराचा हिशोब मांडतात. ते त्रासाचं आहे, तिथल्या प्राध्यापकांना आवडतही नाही. पण पगार हा सगळ्यात मोठा खर्च, तो न वाटता संशोधनाचा खर्च काढला म्हणणं म्हणजे दुधाची किंमत न धरता खव्याचा भाव सांगणं.

यात तुमचं काय जातं? समजा चाळीस हजारांचं विद्रावकांचं बिल आहे. प्रकल्पाच्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी ते ‘उपभोग्य वस्तू’. वार्षिक हिशोबासाठी ३(अ) मधून वजा. एनआयआरएफला माहिती देताना खर्च भांडवली आणि चालू असा मागतात, चालूत पगार, शैक्षणिक सुविधांची देखभाल, परिसंवाद-परिषदा असे खण. हे बिल तिथे देखभालीच्या खणात जातं, कारण उपभोग्य वस्तूही त्याच खणात धरल्या आहेत. तीन ठिकाणी तीन नावं, आणि दर वेळी कुणीतरी हाताने एक्सेलमध्ये जुळवणी करतं. गेल्या वर्षी ज्याने केली तो बदलून गेला की वर्गवारीही बदलते. तुमच्या आलेखात त्या वर्षी उडी दिसते आणि तुम्ही तिला धोरणाचा परिणाम म्हणता. म्हणून दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी चालू वर्षाच्या अहवालात छापलेला ‘मागील वर्ष’ हा रकाना आणि मागच्या वर्षीचा मूळ अहवाल जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर पुनर्वर्गीकरण झालं आहे, आणि त्याचं कारण बहुधा अनुसूची २४ च्या टिपांत असतं. ती टीप कुणी वाचत नाही.

उपाय म्हणून शेकडो नवी शीर्षं काढा असं मी म्हणणार नाही. शीर्षं फार झाली की देयक नोंदवणारा माणूस कंटाळतो आणि ‘इतर’ निवडतो. माझी कसोटी साधी आहे: कुठल्याही अनुसूचीत ‘इतर’ ही ओळ पहिल्या तीन मोठ्या ओळींत आली, तर ती रचना मोडली आहे. त्यापेक्षा स्वरूपाची शीर्षं मोजकी ठेवावीत आणि प्रत्येक व्हाउचरला चार खुणा जोडाव्यात: निधी, कार्य, विभाग, ठिकाण. कार्यात अध्यापन, संशोधन, परीक्षा, विद्यार्थी सुविधा, प्रशासन, एवढी पाच पुरे. विजेसाठी इमारतनिहाय मीटर लावले तर तिची वाटणीही अंदाजाने करावी लागत नाही.

‘ठिकाण’ ही खूण आपल्याकडे विशेष गरजेची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, उपपरिसर धाराशिवला, संलग्न महाविद्यालयं चार जिल्ह्यांत. उपपरिसराला मिळतं कमी की जास्त, यावर बोलणारे दोन्ही बाजूंनी पुष्कळ. धाराशिवच्या प्रयोगशाळेतल्या एका संशोधकामागे वर्षाला झालेला खर्च आणि मुख्य परिसरातल्या एकामागचा खर्च, हे दोन आकडे शेजारी मांडायचे तर प्रत्येक बिलावर ठिकाण आणि कार्य या दोन खुणा लागतील. ज्यांना या विषयावर काम करायचं आहे त्यांनी आधी माहिती अधिकारात आकडे मागू नयेत. आधी लेखाशीर्षांची यादीच मागवावी, आणि त्या यादीत या दोन खुणांना जागा आहे का ते बघावं.