प्याला भरणारे घर

मराठी वाङ्मयाने मद्याचा प्याला दोनदा मोठ्या ताकदीने उचलला. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तो विष ठरला. सुधाकर त्यात बुडाला आणि सिंधूचा संसारही बुडाला. पुढे माधव जूलियन यांनी उमर खय्यामला मराठीत आणले, १९३१ साली 'द्राक्षकन्या' लिहिली, आणि तोच प्याला जीवनाचे तत्त्वज्ञान सांगू लागला. एकाने त्याचा धिक्कार केला, दुसऱ्याने गौरव. पण दोघांचेही लक्ष पिणाऱ्याकडे. ज्या घरात ते मद्य तयार होते, त्या घराचे दार आमच्या लेखकांनी क्वचितच ठोठावले.

मी पिंपरी-चिंचवडचा शाळामास्तर. आंबवण्याची विद्या आमच्या गावाला परकी नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढले गेले. येथून नाशिकच्या रस्त्याला लागावे, चाकणचे मोटारींचे कारखाने, राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकावे, की नारायणगाव येते. तेथे शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात शॅटो इंडाज उभी केली, फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन केली. ती परदेशी गेली ती 'ओमर खय्याम' या नावाने! पुढे व्याप फार वाढला आणि २००८ नंतर तो कर्जाखाली कोसळला. कवीचे नाव ल्यालेली बाटली आमच्या रस्त्यावर जन्मली, पण तिच्यात आम्हां कादंबरीकारांना कथा दिसली नाही. मीही त्यांतलाच.

वास्तविक लहानशा घरगुती वायनरीत कादंबरीला काय कमी आहे? आपल्याकडे फराळाची गडबड असते, त्या सुमारास बागेत गोडी छाटणी उरकायची असते. जानेवारी ते मार्च द्राक्षांची तोड. मग यीस्ट द्राक्षातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क होतो. तांबड्या वाईनला रंग येतो तो सालीतून. एकदा रस बिघडला, की पुढच्या तोडीपर्यंत चूक सुधारता येत नाही. वाईन मुरू द्यावी तर पैसा पिपात अडकतो. घाईने विकावी तर नाव जाते. बापाला थांबायचे आहे, मुलाला बँकेचा हप्ता दिसतो आहे. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, मास्तरांनी मद्याची तरफदारी करावी काय? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच वाद पेटला. एका बाजूने शेतकऱ्याचे हित सांगितले, दुसऱ्या बाजूने व्यसनाची भीती. दोन्ही बोलणी खरी होती. परंतु कादंबरीने बाजू घ्यायची नसते, घरात शिरायचे असते. मात्र जो लेखक या घरात शिरेल, त्याने सिंधूला दाराबाहेर उभे करू नये. बाटली विकली की आपल्या घरचा हप्ता फिटतो, आणि तीच बाटली दुसऱ्या घरचा दिवा मालवू शकते, हे त्या वायनरीतल्या गृहिणीलाही कळत असणार. हिशेबाची वही मिटताना तिच्या मनात काय येत असेल? ते ज्याला लिहिता येईल, त्याची कादंबरी मी आधी वाचीन.