अस्सल, नक्कल आणि टेकडीवरची युफेमिया

मोडी दप्तरे चाळणाऱ्याला पहिली सवय लागते ती अस्सल आणि नक्कल वेगळी करण्याची. कागद, शाई, शिक्का, अक्षराचे वळण पाहायचे आणि हा मूळ कागद की त्यावरून कोणी उतरवून घेतलेला, ते ठरवायचे. अस्सलाला मान मोठा, नकलेला त्याखालोखाल. ही सवय अंगात मुरली की देवळात, वाड्यात, किल्ल्यावर कुठेही गेले तरी ती बरोबर येते. क्रोएशियातल्या रोविन्य गावच्या टेकडीवर संत युफेमियाचे चर्च पाहायला गेलो तेव्हाही ती बरोबर होतीच. तिथे मात्र तिने मला दोनदा तोंडघशी पाडले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

रोविन्य एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर भागात, इस्त्रिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. गावाला दोन नावे आहेत. क्रोएशियनमध्ये रोविन्य आणि इटालियनमध्ये रोविन्यो. पाट्यांवर दोन्ही दिसतात. जुने गाव मुळात एक बेट होते. किनारा आणि बेट यांच्यामधला पाण्याचा पट्टा १७६३ मध्ये बुजवला आणि बेट जमिनीला जोडले गेले. बंदराकडून ग्रीसिया नावाची अरुंद गल्ली वर चढत जाते. पायांखालचे दगड शेकडो वर्षांच्या वर्दळीने इतके गुळगुळीत झाले आहेत की पावसात जपून चालावे लागते. दोन्ही बाजूंना चित्रकारांची छोटी दुकाने आहेत. गल्ली संपते तिथे मोकळे पटांगण लागते, समोर चर्च आणि खाली समुद्र.

युफेमिया ही या गावाची पालक संत. आपल्या शब्दांत ग्रामदैवत म्हटले तरी अर्थ फारसा बिघडत नाही. पण तिचा जन्म या गावातला नाही आणि आयुष्यही इथले नाही. ती काल्सेडनची. हे शहर बॉस्फोरसच्या आशियाई काठावर होते. आज तो इस्तंबूलचा भाग आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, परंपरेप्रमाणे इसवी सन ३०३ मध्ये, ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल तिचा छळ करून तिला मारण्यात आले. छळाच्या साधनांत चाक होते, म्हणून चित्रांत आणि मूर्तींत तिच्याजवळ चाक दिसते. ४५१ मध्ये ख्रिस्ती धर्माची काल्सेडनची प्रसिद्ध महासभा भरली ती तिच्याच चर्चमध्ये. रोविन्यशी तिचा संबंध जोडला जातो तो मृत्यूनंतर सुमारे पाचशे वर्षांनी.

गावाची कथा अशी. सन ८०० च्या जुलैत रात्री मोठे वादळ झाले. सकाळी लोक किनाऱ्यावर आले तर एक अवजड दगडी शवपेटी लाटांबरोबर येऊन लागलेली. घोडे जुंपले, बैल जुंपले. पेटी जागची हलेना. शेवटी एक लहान मुलगा दोन कालवडी घेऊन आला आणि त्याने ती पेटी ओढत टेकडीच्या माथ्यावर नेली. पेटीत युफेमियाचा देह होता. ती शवपेटी आजही चर्चमध्ये उजव्या अंगाला आहे आणि दरवर्षी १६ सप्टेंबरला, तिच्या सणाच्या दिवशी, लोक तिच्यासमोर येतात.

आता माझी सवय जागी झाली. बायझंटाइन परंपरा वेगळेच सांगते. सातव्या शतकात इराणी स्वाऱ्यांच्या भीतीने युफेमियाचे अवशेष काल्सेडनहून कॉन्स्टँटिनोपलला हलवण्यात आले. पुढे मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या सम्राटाच्या काळात ते समुद्रात टाकले गेले, लेम्नोस बेटावर सापडले आणि सम्राज्ञी आयरीनच्या कारकिर्दीत, ७९६ मध्ये, राजधानीत परत आले. आजही इस्तंबूलच्या फेनेर भागात, ऑर्थोडॉक्स पंथाच्या प्रमुख धर्मगुरूंच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये, युफेमियाचे अवशेष म्हणून दाखवले जातात. म्हणजे ७९६ मध्ये जी कॉन्स्टँटिनोपलला परतली, तीच चार वर्षांनी रोविन्यच्या किनाऱ्याला कशी लागली? आणि आज ती एकाच वेळी दोन ठिकाणी कशी? अवशेषांची वाटणी झाली असेल, असे म्हणून सुटका करून घेता येते, पण संपूर्ण शवपेटी वाहून आल्याच्या कथेशी तेही जुळत नाही.

शंका इथेच थांबत नाही. त्या काळी एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर संत ‘येणे’ ही जवळजवळ रीतच होती. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संत मार्कचे अवशेष अलेक्झांड्रियाहून ८२८ मध्ये चोरून आणले, डुकराच्या मांसाखाली लपवून आणले, असे व्हेनिस स्वतःच अभिमानाने सांगत आले. समुद्रावरून आलेला संत, त्याच्यासाठी चर्च आणि त्या चर्चमुळे गावाची पत, हा साचा रोविन्यच्या कथेतही दिसतो. कागदाची कसोटी लावली तर निकाल सरळ आहे: रोविन्यची युफेमिया म्हणजे नक्कल.

हा निकाल मनात ठेवूनच मी बाहेर येऊन मनोऱ्याकडे पाहिले. इथेही नक्कलच समोर होती, आणि तिच्याबद्दल तर कुणाचाच वाद नाही. १२८३ ते १७९७ अशी पाचशेहून अधिक वर्षे रोविन्य व्हेनिसच्या सत्तेखाली होते. सुमारे साठ मीटर उंचीचा हा मनोरा १६५४ ते १६८० या काळात बांधला गेला तो व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या प्रसिद्ध मनोऱ्याच्या धर्तीवर. आजचे बरोक शैलीतले चर्च त्यानंतरचे, १७२५ ते १७३६ मधले. समुद्रावरून येणाऱ्या प्रत्येक जहाजाला, हे गाव कोणाचे, ते मनोऱ्याच्या आकारावरूनच कळावे, अशी सोय. मनोऱ्याच्या टोकावर १७५८ मध्ये युफेमियाचा तांब्याचा पुतळा बसवला. हा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. उत्तर-पूर्वेकडून येणारा कोरडा, झोंबरा बुरा आणि दक्षिण-पूर्वेकडून येणारा दमट, पावसाळी युगो हे इथले दोन मुख्य वारे. संताचे तोंड कुठे आहे ते पाहून मच्छीमार होडी काढायची की नाही ते ठरवत. ग्रामदैवताला हवामानाची जबाबदारी देणारे गाव, म्हणून या पुतळ्याचे सगळे कौतुक करतात. पण फिरणारी मूर्तीही उसनी आहे. व्हेनिसच्या मनोऱ्यावरचा गॅब्रिएल देवदूत त्याच्याही आधीपासून वाऱ्याबरोबर फिरत आला आहे.

मग माझ्या ध्यानात आले ते असे. १४ जुलै १९०२ रोजी व्हेनिसचा तो मूळ मनोरा कोसळला. सगळाच्या सगळा. ‘जसा होता, जिथे होता’ तसाच पुन्हा बांधायचा, असे शहराने ठरवले आणि १९१२ मध्ये नवा मनोरा उभा राहिला. आज पर्यटक ज्याला मूळ समजून पाहतात तो विसाव्या शतकातला आहे. त्याची ‘नक्कल’ म्हणून ओळखला जाणारा रोविन्यचा मनोरा १६८० पासून उभाच आहे. दोन मनोऱ्यांपैकी कोणता जुना, असे विचारले तर उत्तर रोविन्य.

इथे माझी कसोटी पहिल्यांदा अडली. मनोऱ्याच्या बाबतीत मी ‘अस्सल’ हा शब्द उगमाच्या अर्थाने वापरत होतो. उगम तर कोसळून गेला होता. टिकून होते ते सांभाळलेले रूप. व्हेनिसने आपला मनोरा पुन्हा बांधला तेव्हा त्याच्यापाशीही आठवण, रेखाटने आणि छायाचित्रेच होती. म्हणजे मूळ गावालाही नकलेच्याच वाटेने जावे लागले.

ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. ख्रिस्ती मराठीतले प्रसिद्ध काव्य म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्याला ते वाचता येते ते कुणीतरी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे आणि १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरहून काढलेल्या आवृत्तीमुळे. अस्सल हरवले, पण काव्य राहिले, ते नकलाकारांच्या कष्टाने. ही माहिती मला वर्षानुवर्षे ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र रोविन्यच्या पटांगणात उमगला.

मनोऱ्यावरून मी पुन्हा शवपेटीकडे गेलो आणि कथा नव्याने वाचली. आता तिच्यात वेगळेच दिसू लागले. कथेत युफेमियाच्या आयुष्याला फारशी जागा नाही. सगळा भर आहे पेटी टेकडीवर कशी चढली यावर. कोणाच्याने ती हलली नाही, कोणाच्याने हलली, हे सांगण्यातच कथेला रस. मूळ कुठले, याचे उत्तर एका वाक्यात: समुद्रातून. टेकडीवर कोणी नेले, याचे उत्तर मात्र सविस्तर. गावाने आपला हक्क उगमावर ठेवलेला नाही, ओढण्याच्या श्रमावर ठेवला आहे. पुढे जिनोआ आणि व्हेनिस यांच्या युद्धात, १३८० च्या सुमारास, जिनोआच्या लोकांनी अवशेष पळवले आणि १४०१ मध्ये ते परत आले. ही चोरी कथेतली नाही, इतिहासातली आहे. अवशेष कोणाचे, हे कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी गावाने वीस वर्षे वाट पाहिली, हे मात्र सांगता येते.

चर्चच्या मुख्य वेदीकडे पाहिले तरी हेच दिसते. तिथे युफेमिया नाही. तिथे संत जॉर्ज, संत मार्क आणि संत रॉक यांचे पुतळे आहेत. जॉर्ज हा या जागेचा आधीचा संत, त्याचे जुने चर्च इथेच होते. मार्क हा व्हेनिसचा, राज्यकर्त्यांचा. रॉक हा प्लेगपासून वाचवणारा. गावाची स्वतःची संत बाजूच्या दालनात आहे. पण त्या वेदीपेक्षा उंच, थेट मनोऱ्याच्या टोकावर, गॅब्रिएलच्या जागी गावाने तिलाच उभी केली. साचा व्हेनिसचा घेतला, टोक आपले ठेवले. या चर्चमधली कलेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची निवड मला हीच वाटते.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो मी स्वतःवरच घेतो. ‘सांभाळले तेच अस्सल’ असे म्हटले की सांभाळणारे कोण, हा प्रश्न उभा राहतो. व्हेनिस गेल्यावर हे गाव ऑस्ट्रियाकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे, दुसऱ्यानंतर युगोस्लाव्हियाकडे आणि १९९१ नंतर क्रोएशियात आले. युगोस्लाव्हियाच्या काळात इस्त्रियातले इटालियन बोलणारे बहुसंख्य लोक घरदार सोडून निघून गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांच्यातल्या कित्येकांची मुले आज या टेकडीवर पाहुणी म्हणून येतात. सांभाळण्याचा हक्क म्हणजे राहिलेल्यांची मालकी, असा अर्थ कुणी काढला तर माझे म्हणणे अन्यायाच्या बाजूला जाईल. नकलेवर उतरवून घेणाऱ्याचेही नाव राहू शकते, तसा इथे गेलेल्यांचाही हक्क राहतो. दोन भाषांतल्या पाट्या ते निदान कबूल करतात.

दुसरा धोका उलट दिशेचा. प्रवासी पुस्तिका शवपेटीच्या आगमनाचा दिवस, महिना आणि साल अशा ठामपणे देतात की जणू बंदराच्या वहीत नोंद आहे. कथेला कागद बनवले की तिचे बळ जाते आणि ती खोट्या कागदाच्या पातळीवर उतरते. कथा म्हणून तिला कोणी हरवू शकत नाही. दस्तऐवज म्हणून ती पहिल्याच तपासणीत पडते. संशोधकाने ती पाडावी, पण तिथेच थांबू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

मनोऱ्यावर जाण्याचा जिना लाकडी आणि उभा आहे. पायऱ्यांच्या मधून खालचे दिसते. माझ्या वयाला तो सोपा नव्हता. चढताना दोन कालवडींची आठवण झाली नसती तरच नवल.

परत आल्यावर मी टिपणवहीत एक बदल केला. पूर्वी कागदाच्या नोंदीपुढे ‘अस्सल’ किंवा ‘नक्कल’ एवढेच लिहीत असे. आता नकलेपुढे आणखी एक रकाना आखला आहे: कोणी उतरवली, केव्हा, कशासाठी. बऱ्याचदा तो कोराच राहतो. पण आखलेला असला की शोधावे तरी लागते.